बाकावरची माणसं

नवा प्रशिक्षक आपले सहायक बरोबर घेऊन येतोय, अशी बातमी वाचली की पूर्वी माझ्या मनात एकच शब्द यायचा: वशिला. पुढचं वाचायची गरजच वाटत नसे. ज्याला स्वतःवर भरवसा आहे त्याला ओळखीची माणसं कशाला लागतात? आहेत त्या माणसांकडून काम करून घ्यावं, असं मी ठासून सांगायचो. फुटबॉल पाहणाऱ्या माझ्या मित्रमंडळींत हे मत सगळ्यांना पाठ होतं.

हे मत मैदानावरून आलेलं नव्हतं, ते कचेरीतून आलं होतं. मी जिथं नोकरी केली तिथं नवा साहेब बदलून आला की थोड्याच दिवसांत त्याच्या जुन्या ठिकाणचे दोघंतिघं मागोमाग यायचे. महत्त्वाच्या फायली त्यांच्या टेबलावर जायच्या. ज्यांनी वर्षानुवर्षं ते खातं सांभाळलं, कुठला कागद कुठल्या कपाटात आहे हे ज्यांना झोपेतही सांगता आलं असतं, ती माणसं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून निवृत्तीची वाट बघायची. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते गृहस्थ अशाच एका बदलानंतर गप्प झाले ते कायमचे. त्यांच्या वतीनं मला जो राग आला होता, तो मी कचेरीत कधी बोलून दाखवला नाही. तो फुटबॉलवर काढला. तिथं राग काढायला काही किंमत मोजावी लागत नव्हती.

आणि २०१३ मध्ये मला हवा तसा पुरावाही मिळाला. सर ॲलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडमधून निवृत्त झाले. जाताना त्यांनी लीग जिंकून दिली होती, दुसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा 11 गुण जास्त मिळवून. त्यांच्या जागी एव्हर्टनहून डेव्हिड मॉइस आले. माइक फेलन, रेने म्युलेनस्टीन आणि गोलरक्षकांचे प्रशिक्षक एरिक स्टील ही फर्ग्युसनच्या काळातली माणसं गेली, आणि मॉइस यांच्याबरोबर एव्हर्टनचे स्टीव्ह राउंड, जिमी लम्सडेन, ख्रिस वूड्स आले. पुढच्या एप्रिलमध्ये मॉइस यांना काढलं. हंगाम संपला तेव्हा विजेता संघ सातव्या क्रमांकावर होता. मी ही गोष्ट कितीदा आणि किती समाधानानं सांगितली असेल! बघा, जाणती माणसं घालवली, आपली आणली, आणि काय झालं ते बघा. त्या संघातले आधारस्तंभ वयानं थकले होते, फर्ग्युसन यांच्याबरोबरच क्लबचा कारभार पाहणारे डेव्हिड गिलही पायउतार झाले होते, या गोष्टी मला माहीत होत्या. मी त्या सांगत नव्हतो.

दोन वर्षांनी युर्गन क्लॉप लिव्हरपूलला आले आणि माझ्या सिद्धांताला न बसणारी गोष्ट घडली. तेही आपली माणसं घेऊनच आले होते. झेल्को बुवाच तर माइन्झच्या दिवसांपासून त्यांच्याबरोबर होते, आणि पीटर क्राविएत्झही तिथूनच जोडले गेलेले. पण क्लॉप यांनी सगळं घर झाडून काढलं नाही. गोलरक्षकांचे प्रशिक्षक जॉन ऑख्टरबर्ग आधीपासून होते, ते राहिले. आधीच्या व्यवस्थापकाच्या काळात आलेला पेप लिंडर्स हा तरुण डच प्रशिक्षकही राहिला. पुढच्या वर्षी आहाराचं काम पाहायला मोना नेमर आणि तंदुरुस्तीसाठी आन्द्रेआस कोर्नमायर यांना त्यांनी बायर्न म्युनिकहून आणलं. या दोघांशी त्यांचं घरोब्याचं नातं नव्हतं. ती आपापल्या कामातली वाकबगार माणसं होती, एवढंच. हे सगळं मी वाचत होतो, आणि माझं मत तसंच ठेवत होतो. क्लॉप अपवाद आहेत, असं म्हणून मी मोकळा झालो. अपवाद म्हटलं की विचार करावा लागत नाही.

आता दुसऱ्या मताकडे येतो. ते सांगायला मला जास्त जड जातं.

इंडियन सुपर लीगमध्ये परदेशी मुख्य प्रशिक्षकाच्या शेजारी एखादा भारतीय सहायक बसलेला असायचा. पुढे तर असा सहायक असलाच पाहिजे, हे लीगच्या नियमांतही आलं. त्या माणसाकडे मी कधी धड पाहिलंच नाही. तो नियमापुरता आहे, असं मी गृहीत धरलं होतं. सरावाला शंकू मांडत असेल, खेळाडूंना हिंदीत दोन गोष्टी समजावत असेल, बाकी डोकं त्या स्पॅनिश माणसाचं. खेळाडू म्हणून ज्यांच्या नावानं मी कधीकाळी टाळ्या वाजवल्या होत्या, त्याच माणसांनी ट्रॅकसूट घालून बाकावर बसायला सुरुवात केल्यावर ती माझ्या लेखी शोभेची झाली.

या दोन मतांमध्ये किती मोठी विसंगती आहे, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. बाहेरून आणलेल्या सहायकांवर मी रागावत होतो, कारण त्यांच्यामुळे स्थानिक माणसं बाजूला पडतात. आणि स्थानिक माणूस बाजूला न पडता तिथं बसलेला दिसला, तर त्याला काही येत असेल यावर माझा विश्वास नव्हता.

तडा गेला तो फेब्रुवारी २०२० मध्ये, गोव्यात.

सर्जिओ लोबेरा २०१७ पासून एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. भारतात क्लब पातळीवर इतका देखणा फुटबॉल मी त्याआधी पाहिला नव्हता. गोलरक्षकापासून चेंडू जमिनीवरून पुढे न्यायचा, समोरचा कितीही अंगावर आला तरी उंच फटका मारून सुटका करून घ्यायची नाही, आणि शेवटी कोरोनं जाळ्यात घालायचा. हा फेरान कोरोमिनास दोन हंगाम लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. २०१९ ची अंतिम लढत मुंबईच्या अंधेरीतल्या मैदानावर बेंगळुरूनं जादा वेळेत एका गोलनं जिंकली तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. माझ्या दृष्टीनं हे सगळं एकट्या लोबेरांचं होतं.

३१ जानेवारी २०२० ला क्लबनं लोबेरांना दूर केलं. साखळीतले तीन सामने उरले होते आणि संघ अग्रस्थानाच्या शर्यतीत होता. साखळीत पहिला येणाऱ्याला एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट जागा मिळणार होती, जी तोवर कुठल्याही भारतीय क्लबला मिळाली नव्हती. लोबेरांबरोबर त्यांचा सहायक हेसुस तातोही गेला. हंगामी जबाबदारी आली क्लिफर्ड मिरांडावर. गोव्याचाच माणूस, डेम्पोकडून कित्येक वर्षं खेळलेला, आणि आता क्लबच्या प्रशिक्षकवर्गातला.

मडगावला माझा एक जुना मित्र आहे. मी त्याला फोन करून हळहळलो. म्हटलं, संपलं आता, हातातोंडाशी आलेलं गेलं. तो म्हणाला, "अरे, लोबेरा गेला, पण पोरं इथंच आहेत, आणि त्यांना रोज पाहणारा माणूसही इथंच आहे. बघ तर खरं." गोवेकराचा अभिमान म्हणून मी ते सोडून दिलं.

पाच फेब्रुवारीला गोव्यानं हैदराबादला 4-1 हरवलं. बाराला मुंबई सिटीला 5-2. एकोणीसला जमशेदपूरमध्ये जमशेदपूरला 5-0. तीन सामने, चौदा गोल. साखळीतलं पहिलं स्थान गोव्याचं, आशियातली जागा गोव्याची.

पहिल्या सामन्यानंतर मी म्हणालो, हैदराबाद तळाचा संघ आहे. दुसऱ्यानंतर म्हणालो, गाडी लोबेरांनी घाट चढवून आणून ठेवली होती, उताराला कुणीही चालवील. तिसऱ्या सामन्याच्या रात्री हेच वाक्य पुन्हा म्हणायला गेलो आणि अडलो.

का अडलो, ते नीट सांगायला हवं, कारण सगळं तिथंच आहे. त्या संध्याकाळी गोवा अगदी लोबेरांच्या गोव्यासारखा खेळत होता. तोच संयम, तीच जमिनीवरची देवाणघेवाण, चेंडू गेला की लगेच तिघांनी मिळून तो परत घ्यायला धावणं. पण बाकावर लोबेरा नव्हते. आणि असं खेळणं सवयीवर फार दिवस टिकत नाही. ते दर आठवड्याला नव्यानं सरावात बसवावं लागतं. समोरचा संघ कसा दाबायला येणार, आपला मधला खेळाडू कुठं उभा राहिला तर वाट मोकळी होणार, हे कुणीतरी पाहून, मैदानावर आखून, तीनचार दिवस घोटून घ्यावं लागतं. शिवाय प्रशिक्षक काढल्यावर ड्रेसिंग रूममध्ये जी अस्वस्थता पसरते ती वेगळीच. कोण कुणामुळे गेला, आता आपलं काय, असे प्रश्न घेऊन बसलेल्या परदेशी आणि देशी खेळाडूंना एकत्र मैदानात उतरवावं लागतं. तीन आठवडे हे काम कोण करत होतं? ज्याला मी नियमापुरता समजत होतो, तशाच माणसांपैकी एक.

मग मी स्वतःला असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर मला आधीच माहीत होतं. तिथं तातो उभा असता तर? एखाद्या स्पॅनिश सहायकानं हे तीन सामने असे जिंकून दिले असते, तर मी 'उताराला कुणीही चालवील' असं म्हणालो असतो का? नाही. हा माणूस हेरून ठेवायला हवा, असं म्हणालो असतो. मित्रांना त्याचं नाव सांगत सुटलो असतो. क्लिफर्डचं नाव मी कुणाला सांगितलं नव्हतं. मडगावच्या मित्रालाही फोन केला नव्हता.

त्या रात्री मला माझी लाज वाटली. कचेरीतल्या त्या गृहस्थांसाठी मी इतकी वर्षं मनात जो राग जपला होता, तो किती पोकळ होता ते दिसलं. त्यांच्यावर अन्याय झाला म्हणून मी हळहळत होतो, पण ते नेमकं काय जाणत होते याची चौकशी मी कधी केली होती? त्यांना साहेबाची खुर्ची मिळाली असती तर मी काय म्हटलं असतं? मला भीती वाटते की मी म्हटलं असतं, चांगला माणूस आहे, पण झेपेल का? ज्याची कीव करणं सोपं जातं त्याच्या कामाबद्दल आदर असेलच असं नाही, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळावं, याचं वाईट वाटतं.

उपांत्य फेरीत चेन्नईयननं चेन्नईत गोव्याला 4-1 हरवलं, तेव्हा जुनं मत क्षणभर उसळून वर आलं. बघा, मोठ्या सामन्यात अनुभव कमी पडला. परतीची लढत फातोर्ड्यात झाली. ती गोव्यानं 4-2 जिंकली, पण दोन्ही मिळून 6-5 अशा फरकानं गोवा एका गोलनं बाहेर पडला. पूर्वग्रह एका रात्रीत जात नाही. तो कोपऱ्यात बसून पुढच्या पराभवाची वाट पाहतो. पण आता मला तो वाट पाहताना दिसत होता.

त्याच वर्षी दोन क्लबांनी नव्या प्रशिक्षकाभोवती माणसं जमवली, आणि मी पहिल्यांदाच बातमीतलं पहिलं नाव ओलांडून खालची नावं वाचली.

लोबेरा मुंबई सिटीकडे आले. तातोही त्यांच्याबरोबर आला. शिवाय गोव्यातून मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस आणि आपला मंदार राव देसाई असे खेळाडूही. माझ्या जुन्या शब्दकोशात याला टोळी म्हणतात. पण त्या हंगामाचा विचार करा. करोनामुळे सगळी लीग गोव्यातल्या तीन मैदानांवर, बंदिस्त वातावरणात खेळली गेली. मुंबईचा संघ जवळजवळ नव्यानं बांधायचा होता, तयारीला वेळ थोडा, बाहेर पडायची सोय नाही. अशा वेळी प्रशिक्षकानं अर्धं वाक्य बोलल्यावर उरलेलं अर्धं ज्याला कळतं असा माणूस सरावाच्या दुसऱ्या टोकाला उभा असणं, हे लाडाकोडाचं काम नव्हे. लोबेरा एका गटाला बचावातून चेंडू बाहेर काढायला शिकवत असतील, तेव्हा दुसऱ्या गटाला तीच गोष्ट त्याच पद्धतीनं शिकवणारा कुणी नसेल, तर संघात दोन वेगवेगळे फुटबॉल तयार होतात. मुंबईनं त्या हंगामात साखळीही जिंकली आणि मार्च २०२१ मध्ये फातोर्ड्याला एटीके मोहन बागानला 2-1 हरवून चषकही. सामना संपत आला असताना बिपिन सिंगनं विजयी गोल केला, तेव्हा मी मुंबईकर म्हणून ओरडलो, आणि वशिला हा शब्द मनात आला नाही.

इकडे गोव्यात हुआन फेरांडो आले. लीग नवी, देश नवा. त्यांनी क्लिफर्डला सहायक म्हणून बरोबर ठेवलं. एप्रिल २०२१ मध्ये फातोर्ड्याला, आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीतल्या भारतीय क्लबच्या पहिल्यावहिल्या सामन्यात गोव्यानं कतारच्या अल-रय्यानला 0-0 रोखलं. त्या संघाच्या बाकावर विश्वविजेत्या फ्रेंच संघातला लोराँ ब्लाँ बसला होता. गोव्याच्या बाकाकडे मी त्या दिवशी आवर्जून पाहिलं.

तेव्हापासून मी जुन्या गोष्टी परत वाचायला घेतल्या. ब्रायन क्लफची कथा मला माहीत होती, पण मी ती एका हट्टी, तेजस्वी माणसाची कथा म्हणून वाचली होती. पीटर टेलर या सहकाऱ्याबरोबर त्यानं १९७२ मध्ये डर्बीला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. १९७४ मध्ये तो लीड्सला गेला. टेलर ब्रायटनलाच राहिला. लीड्समध्ये क्लफ 44 दिवस टिकला. मग नॉटिंगहॅम फॉरेस्टला टेलर पुन्हा त्याच्याजवळ आला, आणि १९७९ व १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन चषक त्या छोट्या शहरात गेले. खेळाडू हेरण्याची नजर टेलरची होती, आणि क्लफला थोपवायची ताकदही त्याच्यात होती. 'असलेल्या माणसांकडून काम करून घ्यावं' या माझ्या उपदेशाचं काय करायचं मग? लीड्समध्ये क्लफ टेलरशिवाय गेला होता, आणि काय झालं ते समोरच होतं.

मॉइस यांच्याबद्दलही आता मी घाईनं बोलत नाही. त्यांनी आपली माणसं आणली ही चूक होती, असं मला वाटत नाही. राउंड आणि लम्सडेन यांच्याशिवाय ते अधिकच एकटे पडले असते. पण जिंकणाऱ्या संघात रोजचं कामकाज कसं चालतं, कुठल्या खेळाडूला काय बोललं की तो उभा राहतो, हे ज्यांना माहीत होतं त्यांतली बरीच माणसं एकदम निघून गेली. नव्या प्रशिक्षकाला दोन्ही लागतात: आपली भाषा बोलणारा एक, आणि त्या घराचा इतिहास जाणणारा एक. त्या दोघांचं पटलं नाही तरी चालेल, कदाचित बरंच. क्लॉप यांच्याकडे हे घडताना मी पाहिलं होतं, पण समजून घेतलं नव्हतं. २०१८ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा परतीचा सामना तोंडावर असताना बुवाच निघून गेले. इतक्या वर्षांचा साथी. त्या उन्हाळ्यात मधल्या काळात हॉलंडला जाऊन आलेला लिंडर्स परतला, तोच, जो क्लॉप यांनी आणलेला नव्हता, सापडलेला होता. पुढच्या वर्षी युरोपचं आणि त्याच्या पुढच्या वर्षी इंग्लंडचं विजेतेपद आलं. सगळं श्रेय लिंडर्सला द्यावं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की २०१५ मध्ये जो तरुण राहू दिला गेला, तो नसता तर २०१८ मध्ये जागा भरायला बाहेर शोधावं लागलं असतं.

भीती मात्र अजून आहे. आपली माणसं म्हणजे होयबा, असं होऊ शकतं. कचेरीत मी तेच पाहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. फुटबॉलमध्येही असे बाक असतात जिथं मुख्य प्रशिक्षकाला 'हे चुकतंय' म्हणणारं कुणी उरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला यातला फरक सहज कळत नाही, मला तर नाहीच. फक्त नावं वाचून निकाल द्यायचं मी बंद केलं आहे.

क्लिफर्डचं पुढे काय झालं ते मी बघत राहिलो. २०२३ च्या वसंतात ओडिशाचे मुख्य प्रशिक्षक गेले आणि संघ पुन्हा हंगामी म्हणून क्लिफर्डकडे आला. कोळिकोडला बेंगळुरूला हरवून ओडिशानं सुपर कप जिंकला. त्यानंतर ओडिशाची मुख्य खुर्ची मिळाली ती लोबेरांना. क्लिफर्ड मोहन बागानला सहायक म्हणून गेला, तिथं मुख्य प्रशिक्षक होते फेरांडो, गोव्यात ज्यांनी त्याला बरोबर ठेवलं होतं तेच. मडगावच्या मित्राला मी त्या वेळी फोन केला. २०२० मध्ये जे सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं. तो हसला नाही, 'मी म्हटलं होतं' असंही म्हणाला नाही. म्हणाला, "त्याला स्वतःचा संघ मिळू दे. मग त्यानं बाजूला कुणाला बसवलं ते आपण बघू."

२०२५ मध्ये चेन्नईयननं क्लिफर्ड मिरांडाला मुख्य प्रशिक्षक नेमलं. बातमी वाचून मी आधी त्याच्या सहायकांची नावं शोधायला लागलो.